रविवारची छाटणी

आमच्या ह्यांना कॉलेजात सगळे 'कात्री' म्हणत. तोंडावर सर, पाठ वळली की कात्री. तीस वर्षं त्यांनी तिथली कॉम्प्युटरची खोली सांभाळली. नवीन मशीन मागितलं की वरून उत्तर यायचं, पुढच्या वर्षी बघू. आणि ते पुढचं वर्ष काही उजाडायचं नाही. मग हे इतर विभागांनी टाकून दिलेली, धापा टाकणारी मशीनं उचलून आणायचे, त्यांच्यावर हलकंसं लिनक्स चढवायचे आणि त्यातलंही जे लागत नाही ते पॅकेज, म्हणजे आतला एकेका कामाचा छोटा प्रोग्रॅम, एकेक करून उपटून काढायचे. उरेल ते मशीन पळायचं. अशी चाळीस मेलेली मशीनं त्यांनी उठवून बसवली.

त्यांचा नियम एकच. "ज्याचं काम एका वाक्यात सांगता येत नाही, त्याला घरात ठेवू नये."

"मग माझं काम सांगा बरं एका वाक्यात," मी एकदा म्हटलं.

"तू पॅकेज नाहीस. तू कर्नल."

लष्करातला हुद्दा असेल असं समजून मी वर्षभर खूश होते. कर्नल म्हणजे मशीनचा गाभा, हे लेकीने नंतर सांगितलं. तेव्हाही खूशच झाले, पण दाखवलं नाही.

मी दुसऱ्या टोकाची. इस्पितळाच्या भांडारात एकतीस वर्षं काढली. पट्ट्या, सुया, हातमोजे, चादरी, बेडपॅन. भांडारवालीचा धर्म असा की काही म्हणजे काही टाकायचं नाही. जी वस्तू तुम्ही आज टाकता, ती उद्या सकाळी कुणाला तरी जीव जाईस्तोवर हवी असते. शिवाय एक गोष्ट या नोकरीने शिकवली. माणूस खोटं बोलतो, शिल्लक बोलत नाही. कपाटात नव्वद हातमोजे असतील तर नव्वदच असतात, सिस्टरबाई कितीही शपथा घेवोत. तर एक ठेवणारी आणि एक काढणारा असा आमचा संसार. कपाटं ओसंडून वाहणारी आणि कॉम्प्युटर रिकामा.

निवृत्तीनंतर ह्यांच्याकडे उरला तो एक जुना लॅपटॉप. झाकणाची एक बिजागरी गेलेली, त्यामुळे मागे जाडजूड शब्दकोशाचा टेकू. नोकरीत असल्यापासूनच्या सवयीने दर रविवारी सकाळी, दुसरा चहा झाला की हे खिडकीजवळच्या टेबलाशी बसायचे, पडद्यावर आज्ञा लिहायची ती काळी खिडकी उघडायचे आणि आतल्या सगळ्या पॅकेजांची यादी वरून खाली वाचायचे, मोठ्याने, शाळेत हजेरी घेतल्यासारखी. मी समोर बसून मटार सोलायचे. नाव आलं की हे त्याचं काम सांगायचे. सांगता आलं की पुढे. अधूनमधून एखादं आगंतुक सापडायचं, कशाच्या तरी शेपटाला धरून आत आलेलं, ते काढायचे. शेवटी आकडा. "आधी चारशे सव्वीस, आता चारशे चोवीस." मग पेपर उघडायचे, पोट भरल्यासारखे.

त्या यादीत छपाईचं एक पॅकेज आहे. त्याचं नाव कप्स. ते आलं की हे म्हणायचे, "कप आले, बशा कुठे राहिल्या?" वीस वर्षं, न चुकता. मी हसायचं कधीच सोडलं होतं, ह्यांनी विनोद सोडला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी कप्स आलं आणि हे थांबले.

"हे काय आहे?"

मला वाटलं, विनोदाची नवी आवृत्ती निघाली. "तुम्हीच सांगा," म्हटलं.

"याचं काम काय?"

"छपाई. दर वेळी सांगता की."

"छपाईला कप कशाला लागतात?" असं म्हणून त्यांनी ते काढलं. पुढचं नाव वाचलं.

ज्या विनोदाला मी वीस वर्षं कंटाळले होते, तो आला नाही म्हणून माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

मंगळवारी पेन्शनसाठी हयातीचा अर्ज छापायचा होता. आपण अजून जिवंत आहोत असं दर वर्षी लिहून द्यावं लागतं. प्रिंटर ढिम्म. हे अर्धा तास प्रिंटरच्या पोटात टॉर्च मारून बघत बसले. कागद काढला, घातला, वायर उपटली, खोचली. रविवारी आपणच काय केलं ते त्यांच्या गावीही नव्हतं. मी अर्ज हाताने लिहून काढला.

नंतर डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. मी आयुष्यभर सगळं लिहून ठेवणारी बाई, पण ते नाव मी कुठेच लिहिलं नाही. गोळ्यांच्या वेळा तेवढ्या लिहिल्या.

आणि रविवार चालूच राहिले. नियम तोच, ज्याचं काम सांगता येत नाही ते बाहेर. फक्त काम सांगता न येणाऱ्यांची संख्या वाढायला लागली. एका रविवारी फोटो दाखवणारं गेलं. पुढच्या रविवारी गाणी वाजवणारं, मग शब्दांचं शुद्धलेखन तपासणारं. मी आधी सांगायचा प्रयत्न केला, "अहो, ते गाण्यांचं आहे." तर माझ्याकडे अशा नजरेने बघायचे, जणू पेशंटने येऊन सर्जनला सुरी कशी धरायची ते सांगावं. "तू मटार सोल," म्हणायचे. आणि आकडा सांगताना चेहरा इतका उजळायचा! आठवड्याचे बाकी सहा दिवस चष्मा कुठे, चप्पल कुठे, बाथरूमचा दिवा कुठला, यात हरवलेला माणूस रविवारी दोन तास पुन्हा कात्री असायचा. "बघ किती हलकं झालं," म्हणायचे.

लेकीला फोनवर सांगितलं. तिचं घरातलं नाव ठमी. आता दुसऱ्या शहरात चांगल्या हुद्द्यावर आहे, हाताखाली माणसं आहेत, पण ठमी ती ठमीच. बापाचीच विद्या शिकलेली.

"आई, काढलेलं परत टाकता येतं. अगदी सोपं आहे. फक्त पासवर्ड लागेल. बाबांचा."

पासवर्ड होता. निवृत्तीच्या दिवशी ह्यांनी एक पाकीट मला दिलं होतं, डिंकाने बंद केलेलं. वर सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'मी गेल्यावर उघडणे'. मी ते बँकेच्या कागदांत ठेवलं होतं. त्या दुपारी पलंगावर हे झोपले होते, तोंड किंचित उघडं, घोरणं नेहमीचं. मी त्यांच्याशेजारी बसून पाकीट फोडलं.

तेव्हापासून माझी दुसरी नोकरी सुरू झाली. रविवारी हे एखादं नाव काढत, तेव्हा मी मटाराच्या परातीखालच्या वहीत ते नाव टिपून घ्यायचे. त्यांना वाटायचं, बाजाराची यादी. "बटाटे लिहिलेस का?" विचारायचे. "लिहिले," मी सांगायचे आणि एका पॅकेजचं नाव लिहायचे. सोमवारी दुपारी ते झोपले की काळी खिडकी उघडायची, ठमीने सांगितलेली ओळ एका बोटाने टाइप करायची, एक नाव घालायचं, वाट बघायची, आत गेलं की वहीत बरोबरची खूण. मग दुसरं. सहासष्टाव्या वर्षी मी लिनक्स शिकले. अशा कारणाने कुणी शिकू नये.

पुढच्या रविवारी ह्यांना तीच नावं पुन्हा दिसायची. पुन्हा अनोळखी. पुन्हा बाहेर. "आठवड्यात केवढा केर साचतो बघ!" हे समाधानाने म्हणायचे. मला वाटायचं, चालतंय की. त्यांना रविवार मिळतोय, मशीनला सोमवार मिळतोय, कुणाचं काय बिघडलं?

ठमीचं मत वेगळं. "आई, एक दिवस ते असं काहीतरी काढतील की तुला परत टाकताच येणार नाही. पासवर्ड बदलून टाक."

"आणि त्यांनी विचारलं तर?"

"काहीतरी सांग."

"निवृत्तीच्या दिवशी भांडाराच्या किल्ल्या माझ्याकडून काढून घेतल्या, तेव्हा नारिंगी सरबत दिलं होतं," मी म्हटलं. "मला अजून ते सरबत चालत नाही. तुझ्या बापाकडून मी किल्ली घेणार नाही."

ठमीने पुढे वाद घातला नाही. पण तिचंच खरं झालं. यादीच्या तळाशी एक नाव होतं, त्यात 'सप्लिकंट' असा शब्द. हे म्हणाले, "सप्लिकंट म्हणजे अर्जदार. कसला अर्जदार? आपल्याकडे कोण कशाला अर्ज करेल?" आणि काढलं. त्याबरोबर अजून दोन गेली. आमचं नेट म्हणजे खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचं, भिंतीतून वर येणारं, आणि ते आत घ्यायची परवानगी मागणारा तो अर्जदार हाच. तो गेला, नेट गेलं. आणि परत टाकायचं तर ते नेटवरूनच येणार. कुलपाची किल्ली कुलपाच्या आत.

रविवारी संध्याकाळी ठमी आणि हे स्क्रीनवर समोरासमोर बोलायचे. त्या संध्याकाळी हे शर्ट बदलून, केस विंचरून टेबलाशी बसले. सात वाजले. साडेसात वाजले. माझ्या मोबाइलवर फोन लावून दिला, तर त्यात ह्यांना ती ठमी वाटेना. "आवाज तिचा आहे," म्हणाले, "पण ती तिथून येते," आणि लॅपटॉपकडे बोट दाखवलं. आठ वाजता मला म्हणाले, "ती रागावली असेल. मी काही बोललो का गं तिला?"

शुक्रवारी ठमी पेनड्राइव्ह घेऊन आली. बापाने तिला बघून आनंदाने हात वर केले, आणि तासाभराने विचारलं, "तू कधी आलीस?" तिने स्वयंपाकघरात येऊन नळ सोडला आणि भांडी नसताना भांडी घासायला लागली.

"बंद कर तो नळ," मी म्हटलं. "रडायचं तर रड, पाणी कशाला घालवतेस?"

"आई, आता तरी ऐक."

"किल्ली काढून घेणार नाही, म्हणाले ना."

"नको घेऊस. मी दुसरं करते." तिने डोळे पुसले. आता ती हाताखाली माणसं असलेली ठमी झाली. "बाबांची आज्ञा तशीच राहील. ते काढ म्हणतील, मशीन काढलं म्हणेल, पण काढणार काहीच नाही. नुसतं म्हणून दाखवेल. त्यांना कळणार नाही."

"म्हणजे खोटं रजिस्टर."

"आई!"

"एकतीस वर्षांत मी एक खोटी नोंद केली नाही. साहेबांनी हात जोडले होते एकदा, तरी नाही."

"मग तू सांग दुसरं काय करू."

शेवटी मी हो म्हणाले. तिने पंधरा मिनिटांत ते करून टाकलं, नेट परत आणलं आणि शनिवारी सकाळच्या गाडीने परत गेली. जाताना बापाच्या पाया पडली, तर हे म्हणाले, "अगं, परीक्षा आहे का?"

रविवार आला. दुसरा चहा झाला. हे बसले, मी मटार घेतले. यादी सुरू झाली. चौदा नावं अनोळखी निघाली. प्रत्येकाला हे काढ म्हणाले आणि प्रत्येक वेळी मशीन मान डोलावल्यासारखं चार ओळी लिहून गप्प बसलं. मी मान वर केली नाही. मग हे म्हणाले, "आधी चारशे एकतीस," आणि मोजायची आज्ञा दिली.

"आता चारशे एकतीस."

मोजण्याचं मी विसरले होते. मी! जिने जन्मभर शिल्लक मोजली. आणि ठमी विसरली, जिला बापाने मोजायला शिकवलं.

ह्यांनी पुन्हा मोजलं. चारशे एकतीस. पहिलं नाव पुन्हा काढलं, पुन्हा मोजलं. चारशे एकतीस. चष्मा काढून पुसला. बोटं टेबलाला पुसली, जणू त्यांना काही लागलं होतं. पुन्हा काढलं. असं किती वेळ चाललं ते मी मोजलं नाही. माझ्याच्याने मोजवलं नाही.

मग ते माझ्याकडे वळले. आजाराचं नाव ऐकलं तेव्हाही त्यांचा चेहरा असा झाला नव्हता.

"मला काढता येत नाहीये गं," म्हणाले. "एवढं एक येत होतं."

"मशीन जुनं झालंय," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं. एक खोटी नोंद झाली की दुसरी करावीच लागते, हे मी नवीन मुलींना शिकवायचे.

"मशीन नाही. मशीन खोटं बोलत नाही." ते परत वळले. "थांब. नोंद असते."

आणि मग त्यांच्या बोटांनी असं काही केलं, जे मी वर्षभरात पाहिलं नव्हतं. न अडखळता एक लांब ओळ लिहिली. मशीन आपल्या आत एक रोजनिशी ठेवतं, काय आलं, काय गेलं, कोणत्या दिवशी, किती वाजता, कुणाच्या नावावर, हे मला माहीतच नव्हतं. पडद्यावर ती उलगडत गेली. हे वाचत गेले. पाठ ताठ झाली. कॉलेजातले कात्री सर रोजनिशी वाचत होते.

"कुणीतरी माझ्या नावाने आत शिरतंय," ते हळूच म्हणाले.

मी परात खाली ठेवली.

"एक नाही, दोघं आहेत. हे बघ. हा रविवारी सकाळी येतो आणि काढतो. हा दुसरा सोमवारी दुपारी येतो आणि तेच परत टाकतो. वर्षभर! काढणारा गाढव आहे. याला काही कळत नाही. छपाई काढतो, नेट काढतो, कामाचंच नेमकं काढतो." ते खाली सरकले. "टाकणारा नवशिका आहे. एका ओळीत दहा टाकता येतात हेही त्याला माहीत नाही, एकेक टाकतोय बिचारा. पण चिकट आहे हां. गेला सोडला तर एक सोमवार चुकवला नाही."

मी वही परातीखाली आणखी आत सरकवली.

"यातल्या काढणाऱ्याची किल्ली काढून घेतली पाहिजे," हे म्हणाले. "ताबडतोब."

"त्याला वाईट वाटेल," मी म्हटलं.

"वाटणारच. पण म्हणून मशीन मारायचं का?"

"काहीतरी कारण सांगून घेतली तर? त्याला कळणार नाही अशी?"

"छे!" खुर्चीच्या हातावर त्यांनी चापट मारली. "असलं मागच्या दाराने करायचं नाही. कॉलेजात मी तिघांच्या किल्ल्या काढून घेतल्या. तिघांनाही समोर बसवून सांगितलं, तू हे हे केलंस, म्हणून घेतोय. माणसाला कळायला नको, आपलं काय गेलं ते?"

बाहेर कुणीतरी गाडी पुसत होतं, रेडिओ चालू होता. मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. गुडघ्याला गुडघा लागला.

"अहो," मी म्हटलं, "काढणारे तुम्ही आहात."

ते हसले. मग माझा चेहरा बघून थांबले. पडद्याकडे पाहिलं. एक तारीख वाचली, दुसरी वाचली. रविवार, रविवार, रविवार. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"आज रविवार आहे," म्हणाले.

"हो."

"आज तर काहीच निघालं नाही."

"ठमीने बांधून ठेवलंय. मी हो म्हणाले. तुम्हाला विचारायला हवं होतं."

ते बोटं बघत बसले, आधी डाव्या हाताची, मग उजव्या. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"आणि टाकणारा कोण?"

"मी."

"तू?" त्यांनी माझा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. "तुला तर माउस धरता येत नव्हता."

"अजून येत नाही."

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. शब्दकोशाचा टेकू सुटला, झाकण मागे कललं. मी सावरलं.

"बदल," म्हणाले. "आत्ता बदल. मी तिकडे बघतो. आणि मला सांगू नकोस. मी मागेन, रागावेन, तरी सांगू नकोस. पण विचारलं की का घेतला, तर खरं ते सांग. गोड बोलून गप्प करू नकोस मला. कबूल?"

"कबूल."

ते खिडकीकडे तोंड करून बसले. मी ठमीला फोन लावला. तिने अक्षर अक्षर सांगितलं, मी एका बोटाने टाइप केलं. तिच्या खोट्या आज्ञाही तिने माझ्याकडून पुसून घेतल्या. दोनदा चुकले. मागे वळून ह्यांनी एकदाच विचारलं, "झालं का?" झालं होतं. मग त्यांनी पेपर मागितला. मी दिला. त्यांनी तो उघडला नाही.

पुढच्या रविवारी दुसरा चहा झाल्यावर ते टेबलाशी बसले. काळी खिडकी उघडली. यादी वरून खाली वाचत आले, पहिल्या अनोळखी नावाशी थांबले, काढायची आज्ञा लिहिली. पासवर्ड टाकला. पुन्हा टाकला. तिसऱ्यांदा, सावकाश, एकेक अक्षर दाबून.

"पासवर्ड घेत नाहीये गं."

"बदललाय."

"कुणी?"

"मी."

"मला न विचारता?"

"विचारून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांत मी कधी खोटं बोलले होते का, हे आठवून बघत असावेत. मग आवाज चढला. "माझ्या मशीनचा पासवर्ड? का? मी काय केलं असं?"

मी हात पुसले, खुर्ची ओढली, गुडघ्याला गुडघा लावून बसले आणि पहिल्यापासून सांगायला घेतलं.